दहापैकी दहा : मोटारमालकाच्या समाधानाचा हिशेब

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात कोल्हापुरात कोणतेही वर्तमानपत्र उघडले, तर पहिली एक-दोन पाने मोटारींच्या जाहिरातींनी भरलेली असतात. ‘ग्राहक समाधानात पहिली’, ‘आपल्या गटातली सर्वांत भरवशाची’ अशी ठळक वाक्ये आणि त्यांच्या शेवटी एक बारीक चांदणी. त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी, भिंगाखाली वाचाव्या लागणाऱ्या अक्षरांत असतो : अमुक सालची पाहणी, अमुक गटातल्या गाड्या, अमुक महिन्यांपूर्वी गाडी घेतलेले मालक. मोठी अक्षरे वाचणारा शोरूमला जातो, मुहूर्तावर गाडी ताब्यात घेतो आणि तिथून थेट अंबाबाईला नाही तर जोतिबाला. बारीक अक्षरे वाचायला कुणाला वेळ असतो? मी गेली काही वर्षे ही बारीक अक्षरेच कापून ठेवतो आहे. त्यातून सुचलेला प्रश्न असा, की मालकाच्या मताचा आकडा कधी झाला, कुणी केला, आणि त्या आकड्यावर किती भार टाकावा?

हा प्रश्न हौशी नाही. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार. पाच-सात वर्षांचे हप्ते, त्यावर विमा, टायर, तेलपाणी. चुकीच्या गाडीची किंमत सगळे घर मोजत असते.

मोटारमालकांना विचारून काढलेला जगातला सर्वांत गाजलेला निष्कर्ष मोटारींबद्दल नव्हताच. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा कौल घेतला. सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. पत्ते काढले टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीयाद्यांतून. वीस लाखांहून जास्त उत्तरे परत आली आणि साप्ताहिकाने जाहीर केले, की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना विचारून बरोबर अंदाज दिला होता. मंदीच्या काळात ज्याच्याकडे मोटार आणि टेलिफोन आहे तो सामान्य मतदार नव्हे, हा धडा पाठ्यपुस्तकांत गेला. पुढच्या अभ्यासकांनी आणखी एक दोष दाखवला आणि तो जास्त खोल आहे : मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारा माणूस आणि ती केराच्या टोपलीत टाकणारा माणूस यांची मते सारखी नसतात. वीस लाख हा आकडा कितीही फुगवला तरी हा दोष जात नाही. आज गाडीच्या पाहणीत ‘इतक्या हजार मालकांनी भाग घेतला’ असे वाचले, की मला ते साप्ताहिक आठवते. किती जणांनी उत्तर दिले हे छापतात. किती जणांना विचारले आणि त्यातले किती गप्प राहिले हे जाहिरातीत कधी सापडत नाही.

याच सुमारास आपल्याकडे पुण्यात वेगळ्या प्रकारचे काम चालू होते. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३५ मध्ये मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. लेखक धनंजयराव गाडगीळ आणि ल. वि. गोगटे. खेडोपाडी ‘सर्व्हिस मोटारी’ धावू लागल्या होत्या तो हा काळ. गाड्यांच्या धंद्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहावे, त्याची मोजदाद करावी, ही दृष्टी मराठी मुलखात इतकी जुनी आहे. तेव्हा मालकाला ‘तुम्ही किती समाधानी आहात’ असे विचारण्याची पद्धत अजून निघाली नव्हती.

पुढे १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि सर्व्हिस मोटारींचे दिवस भरत आले. एस.टी.ची एक सवय मला फार मोलाची वाटते. राज्य परिवहन महामंडळांत गाडी रस्त्यात बंद पडली की नोंद होते, आणि वर्षाअखेर तो आकडा दर दहा हजार किलोमीटरमागे किती बिघाड, असा मांडला जातो. त्यात अंश आहे आणि छेदही आहे. गाडी किती वेळा थांबली हे एकटे कळून उपयोग नाही. किती पळाली तेव्हा इतक्या वेळा थांबली, हे कळले पाहिजे. या आकड्यालाही खोट असू शकते. बिघाड कशाला म्हणायचे याची व्याख्या थोडी सैल केली की आकडा सुधारतो. तरीही प्रश्न योग्य आहे. एस.टी.च्या प्रवाशाला कुणी समाधानाचे गुण विचारले नाहीत, पण ज्या गाडीत तो बसतो तिच्या भरवशाचा हिशेब डेपोत होता. खासगी मोटारीच्या बाबतीत पुढे नेमके याच्या उलट घडले.

खासगी मोटारीची गोष्ट मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यापासून सांगायला हवी. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिथून पुढे फियाट मराठी मध्यमवर्गाच्या स्वप्नात आली. पण स्वप्न आणि गाडी यांच्यामध्ये प्रतीक्षायादी उभी होती. परवाने मोजके, उत्पादन मोजके, मागणी अफाट. फियाट, ॲम्बॅसडर आणि स्टँडर्ड अशा तीनच गाड्यांतून निवड. स्कूटरची कथा तर आजही घराघरात सांगतात : आकुर्डीच्या बजाजसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे थांबायचे. नवी गाडी हातात पडली, की त्याच दिवशी ती ‘ऑन’ घेऊन विकता येत असे. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग, असा उलटा बाजार आपण पाहिला.

आता या बाजारात एखाद्या संशोधकाने समाधानाची पाहणी केली असती, तर काय उत्तर आले असते? दहापैकी दहा. ज्याला गाडी मिळाली तो समाधानीच असणार. तो गाडीला गुण देत नव्हता, आपल्या नशिबाला देत होता. जुन्या गाडीला चढा भाव येतो म्हणजे ती टिकाऊ आहे, असे आजही लोक म्हणतात. त्या काळातला चढा भाव फक्त टंचाई सांगत होता. ॲम्बॅसडरचा हॉर्न सोडून सगळे भाग वाजतात, हा विनोद ज्यांच्या दारात ॲम्बॅसडर होती तेच सांगत, आणि गाडी विकायला मात्र तयार नसत.

सरकारला मात्र तक्रारींची दखल घ्यावी लागली. मोटारींच्या गुणवत्तेची चौकशी करण्यासाठी १९६७ मध्ये पांडे समिती नेमली गेली. किमतींचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ मध्ये तिन्ही गाड्यांच्या किमती न्यायालयात ठरल्या. गाडीचा दर्जा हा सार्वजनिक हिशेबाचा विषय आहे, असे निदान एकदा तरी सरकारदरबारी मान्य झाले होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू रांग संपत गेली. रांग संपली तसा मालकाचा भाव वाढला. आता त्याला विचारायला लोक येणार होते.

विचारणारे कोण, हे कळण्यासाठी पुन्हा अमेरिकेत जावे लागते. जेम्स डेव्हिड पॉवर या गृहस्थांनी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात आपली छोटी पाहणीसंस्था काढली. घरचाच कारभार, परत आलेल्या प्रश्नावल्यांची मोजणी बायको करायची. १९७३ मध्ये त्यांनी माझदाच्या रोटरी इंजिनाच्या गाड्या घेतलेल्यांना विचारले. जास्त मैल पळालेल्या गाड्यांमध्ये इंजिनातली एक रबरी रिंग निकामी होते आहे, हे त्या बाईंच्या मोजणीत लक्षात आले. बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये छापून आली आणि जे. डी. पॉवर हे नाव मोटारधंद्यात दुमदुमले.

ही घटना मला महत्त्वाची वाटते, कारण मालकांना विचारून मिळणारी माहिती किती सोन्यासारखी असू शकते, हे तिच्यातून दिसते. पण ती कशामुळे सोन्यासारखी झाली? मालकाला त्याच्या डोळ्यांदेखत घडलेली ठोस गोष्ट विचारली होती : काय मोडले? त्याच्याशेजारी दुसरा आकडा होता : किती मैलांनंतर? आणि ज्या कंपनीची अब्रू जाणार होती तिच्या पैशावर ती पाहणी झाली नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत चित्र पालटले. १९८४ साली सुबारूने आपल्या दूरदर्शनवरच्या जाहिरातीत पॉवरच्या क्रमवारीचा उल्लेख केला आणि पाहणीचा निकाल हेच जाहिरातीचे साहित्य झाले. आज या धंद्याचा साचा असा आहे : संस्था आपल्या खर्चाने पाहणी करते, तपशीलवार अहवाल मोटारकंपन्यांना विकते, आणि पहिल्या आलेल्या कंपनीला ते मानचिन्ह जाहिरातीत वापरायचे असेल तर त्याचेही पैसे घेते. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. आपली गाडी कुठे कमी पडते हे कळावे म्हणून कंपन्या अहवाल विकत घेतात आणि त्यातून गाड्या सुधारल्याही आहेत. एवढेच लक्षात ठेवायचे, की पाहणीचे गिऱ्हाईक कंपनी आहे. तुमच्या-माझ्यापर्यंत त्यातली चांदणी तेवढी पोचते.

शिवाय ‘पाहणी’ एक नसते. गाडी विकताना शोरूमने कसे वागवले याची वेगळी, सर्व्हिसिंगची वेगळी, नव्या गाडीतल्या दोषांची वेगळी, तीन वर्षे वापरलेल्या गाडीची वेगळी. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात या पाहण्या भारतात सुरू झाल्या आणि २००० सालापासून दहा वर्षांहून अधिक काळ मारुतीने ‘ग्राहक समाधान निर्देशांका’त पहिला क्रमांक सोडला नाही. तो निर्देशांक डीलरकडच्या सर्व्हिसचा होता : गाडी वेळेत मिळाली का, बोलणे नीट होते का, काम समजावून सांगितले का. गावोगाव पसरलेल्या सर्व्हिस सेंटरांचे ते यश होते आणि ते खरेच होते. पण जाहिरात वाचणारा त्यातून गाडीचे इंजिन चांगले असा अर्थ काढत होता. नव्या गाडीतल्या दोषांची पाहणी आपल्याकडे दोन ते सहा महिने वापरलेल्या गाड्यांवर होत असे. सहा महिन्यांत क्लच जात नाही, पिस्टन-रिंगा जात नाहीत. पहिल्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात गाडी कशी वागते हेसुद्धा अनेकांना अजून कळलेले नसते.

दोष म्हणून काय धरतात, तेही पाहण्यासारखे आहे. दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असा हा आकडा असतो. ऐकायला एस.टी.च्या हिशेबासारखा, पण त्यातली तक्रार म्हणजे मोडतोडच असेल असे नाही. २०१० साली अमेरिकेतल्या अशा पाहणीत फोर्ड पाचव्या क्रमांकावर होती. २०११ मध्ये ती तेविसाव्या क्रमांकावर घसरली. इंजिने वर्षभरात बिघडली होती का? छे. त्यांनी गाडीत नवा स्पर्शपडदा बसवला होता आणि तो मालकांना वैताग देत होता. वैताग खराच, तो मोजायलाही हरकत नाही. पण क्रमवारीत वैताग आणि बंद पडलेली गाडी एकाच ओळीत उभी राहिली. शिवाय शंभर गाड्यांमागे नव्वद तक्रारी आणि शंभर तक्रारी या दोन कंपन्यांमध्ये क्रमांकांचे मोठे अंतर पडू शकते. एका गाडीपुरता फरक मात्र तक्रारीच्या एक-दशांशाचा असतो.

समाधान अपेक्षेवर ठरते, हे आपल्याकडे सर्वांत स्पष्ट दिसले ते टाटा इंडिकाच्या वेळी. डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कारखान्याची ही गाडी बाजारात आली. छोट्या गाडीच्या किमतीत मोठी जागा, तीही डिझेलवर. नोंदणीसाठी झुंबड उडाली. पहिल्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने मालकांना बोलावून सुटे भाग बदलून दिले, गाडीत दुरुस्त्या केल्या आणि २००१ मध्ये सुधारलेली ‘व्ही-टू’ आणली. घरगुती मालक आणि टॅक्सीवाला यांचे मत या गाडीबद्दल कधीच जुळले नाही. आवाज, थरथर, दरवाजाचे फिटिंग यांवर घरगुती मालक नाराज. टॅक्सीवाला किलोमीटरमागे खर्च किती, एवढेच पाहणार. त्याने ही गाडी वर्षानुवर्षे पळवली. एकाच गाडीला दोघांनी दोन वेगळे गुण दिले असते आणि दोघेही खरे बोलले असते. दोघांची सरासरी काढली तर ती कुणाचीच गाडी होत नाही.

कोल्हापुरात अशा वेळी पाहणी बाजूला ठेवून मेस्त्रीला विचारायची पद्धत आहे. शिवाजी उद्यमनगर हे आमचे विद्यापीठच. म्हादबा मेस्त्रींसारख्या शाळेबाहेर शिकलेल्या कारागिरांनी या गावाला इंजिने बनवायला शिकवले, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून निघालेली कास्टिंगे देशभरच्या गाड्यांत बसतात. इथल्या माणसाला लोखंडाची भाषा कळते, याचा मलाही अभिमान आहे. पण मेस्त्रीच्या साक्षीलाही मर्यादा आहे. त्याच्या दारात बिघडलेलीच गाडी येते. ज्या कंपनीच्या गाड्या गावात जास्त, तिची बिघडलेली वाहनेही जास्त दिसणार. अंश त्याला तोंडपाठ असतो, छेद दिसत नाही. फाउंड्रीवाल्याला हे पटकन पटते, कारण त्याच्याकडे रिजेक्शन नेहमी टाकलेल्या मालाशी भागूनच सांगतात. नुसते ‘चाळीस नग गेले’ म्हटले तर सुपरवायझर विचारतो, कितीतले?

जुन्या गाड्या दणकट होत्या, हे वाक्यही याच जातीचे. दसऱ्याला छत्रपती घराण्याची राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा गर्दीतून ते हमखास ऐकू येते. गाडी आहेच देखणी. मात्र तिच्या पिढीतल्या ज्या गाड्या भंगारात गेल्या, त्या सोहळ्याला येत नाहीत.

मालकाला काय ठाऊक असू शकते आणि काय नाही, याचा कठोर दाखला जानेवारी २०१४ मध्ये मिळाला. ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतात खपणाऱ्या पाच गाड्यांची टक्करचाचणी घेतली : अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि चाकणला तयार होणारी पोलो. पुढे बसणाऱ्या प्रौढांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे. एअरबॅग असलेल्या पोलोला मात्र चार तारे. या गाड्यांचे लाखो मालक होते आणि त्यांतले बहुतेक आपल्या गाडीवर खूश होते. त्यांचे समाधान खोटे नव्हते. ज्याची टक्कर झालेली नाही तो टक्करीबद्दल काय सांगणार? दोष, खर्च, मायलेज यांबद्दल मालक साक्षीदार आहे. सुरक्षिततेबद्दल तो साक्षीदार नसतो, आणि ज्याला अनुभव आला तो अनेकदा प्रश्नावली भरायला उरत नाही.

बोधचिन्हाचा प्रभाव हा आणखी एक घोटाळा. अमेरिकेत टोयोटा आणि जनरल मोटर्स यांच्या एकाच भागीदारी कारखान्यात, फ्रीमाँटला, टोयोटा कोरोला आणि जवळजवळ तशीच प्रिझम तयार होई. जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रिझमला कोरोलापेक्षा कमी भाव मिळत असे. आपल्याकडे चाकणला फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड एकाच छताखाली जन्मल्या. आज मारुती बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा अशीच जोडी आहे. एखाद्या पाहणीत अशा जुळ्यांना फार वेगळे गुण दिसले, तर तो फरक लोखंडातला नसून नावातला किंवा डीलरमधला आहे असे खुशाल समजावे. पाहणीची पारख करायला यापेक्षा सोपे साधन मला सापडलेले नाही.

आणि आता सगळ्यांच्या परिचयाचा प्रकार. गाडी सर्व्हिसिंगहून ताब्यात देताना काउंटरवरचा मुलगा हळूच म्हणतो, “सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा सांगा हं. नऊ म्हणजे आम्हाला नापास धरतात.” एका सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या गाडीचा डाव्या बाजूचा खडखडाट तसाच ठेवून हे सांगितले गेले. मी दहा सांगितले. त्या पोराचा इन्सेंटिव्ह माझ्या एका गुणावर अडकला असेल, तर खडखडाटाची शिक्षा त्याला कशाला? माझ्यासारखे किती जण असतील! हा आकडा पुढे सरासरीत मिसळतो, सरासरीवर क्रमवारी लागते.

याला पर्याय कुठे आहे का? अर्धामुर्धा आहे. त्याच १९३६ साली अमेरिकेत ग्राहकांची एक संघटना स्थापन झाली, ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मासिक काढणारी. ते जाहिराती घेत नाहीत. चाचणीसाठी गाड्या दुकानातून विकत आणतात. आणि १९५२ पासून सभासदांना कोणत्या वर्षीच्या गाडीचा कोणता भाग दुरुस्त करावा लागला, ते विचारतात. सभासद म्हणजे सगळे मालक नव्हेत, तेव्हा ‘लिटररी डायजेस्ट’चा आक्षेप इथेही लागू पडतो. तरी प्रश्न माझदाच्या जातीचा आहे. आपल्याकडे १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू झाली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत. धान्य, औषधे, वजनमापे, बिल्डर यांच्याविरुद्ध या संस्था लढल्या. मोटारींच्या दुरुस्तीची वर्षानुवर्षांची सार्वजनिक नोंद मात्र आपण उभी केली नाही.

कायदा थोडा पुढे सरकला आहे. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. त्यात तक्रारींची संख्या त्या गाडीच्या वार्षिक खपाशी जोडलेली आहे, म्हणजे छेद आला. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, म्हणजे वयही आले. फक्त यासाठी मालकाने तक्रार सरकारकडे नोंदवावी लागते, आणि आपण बहुतेक जण डीलरशी भांडून, मेस्त्रीकडे पैसे भरून मोकळे होतो.

एमएच-०९ क्रमांकाने यंदा कोणत्या कंपनीच्या किती गाड्या रस्त्यावर आल्या, हे सरकारच्या ‘वाहन’ नोंदणीत कुणालाही पाहता येते. त्यांतल्या किती गाड्यांचा क्लच, स्टिअरिंग किंवा गिअरबॉक्स वॉरंटीत बदलावा लागला, याची नोंद प्रत्येक जॉब कार्डावर किलोमीटरच्या आकड्यासकट होते आणि कंपनीच्या वॉरंटी विभागात जमा होते. तिथून ती बाहेर येत नाही.